ट्रस्टच्या हॉस्पिटलचा कारभार बदलतोय, मंडळाने नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील गेल्यावर त्यांच्या जागी तुम्हाला तालुक्याच्या गावातल्या शंभर खाटांच्या ट्रस्ट हॉस्पिटलवर विश्वस्त म्हणून घेतलं. तुम्ही सीए आहात, राहता पुण्यात, महिन्यातून एकदा सभेला जाता. मंडळात अकरा जण, बहुतेक वडिलांचे मित्र, सगळ्यांना तुम्ही लहानपणापासून काका म्हणता. हॉस्पिटलची ओढाताण चालू आहे. सरकारी आरोग्य योजनेची बिलं अडकलीत, दोन चांगले सर्जन शेजारच्या शहरातल्या नव्या हॉस्पिटलात गेले, आणि एका मोठ्या कंपनीने ‘तुमचं हॉस्पिटल आम्हाला चालवायला द्या’ असा प्रस्ताव ठेवलाय. सभेत काही विचारलं की ‘कळेल गं हळूहळू’ एवढंच उत्तर मिळतं. प्रस्ताव घ्यावा की नाही, आणि अशा काळात मंडळाने काम कसं करावं, हे तुम्ही विचारलंय.

मी अठ्ठावीस वर्षं ट्रस्टच्या हॉस्पिटलांत प्रशासक होतो आणि निवृत्तीनंतर दोन ट्रस्टांवर विश्वस्त आहे. म्हणजे माहिती देणाऱ्या खुर्चीत बसलोय आणि माहिती मागणाऱ्या खुर्चीतही. लपवायचं कसं ते मला ठाऊक आहे, आणि पुढचं बरंचसं त्या ज्ञानातून आलंय.

आधी एक सांगतो. तुम्हाला वाटतंय प्रश्न कंपनीच्या प्रस्तावाचा आहे. माझ्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला असा की तुमच्या मंडळाला आपलं हॉस्पिटल आज कसं चाललंय हे माहीत आहे का? ते माहीत नसेल तर ‘हो’ म्हणालात काय आणि ‘नाही’ म्हणालात काय, दोन्ही अंदाजपंचेच. कंपनीने मात्र सहा महिने तुमच्या गावात माणसं फिरवून सगळा हिशोब मांडलेला असतो. कुठल्या ऑपरेशनला किती रुग्ण येतात, जागेचा भाव काय, तुमचा कोणता डॉक्टर नाराज आहे. समोरच्याला तुमचं घर तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल तर बोलणी कसली करणार?

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या ट्रस्टची घटना काय म्हणते, जागा कोणी दिली आणि कुठल्या अटीवर, कर्ज किती, प्रशासक कसा आहे, हे मला इथून दिसत नाही. जागा सरकारने किंवा नगरपालिकेने सवलतीत दिली असेल तर माझं निम्मं उत्तर बदलतं. तेव्हा माझं म्हणणं घटना आणि जागेचे कागद शेजारी ठेवून वाचा.

आता सभेबद्दल. एका हॉस्पिटलात असताना मी एकदा, खरं तर कंटाळा आला म्हणून, इतिवृत्ताच्या वहीच्या मागच्या पानावर कोणत्या विषयाला किती मिनिटं लागली ते लिहीत बसलो. कँटीनच्या ठेक्याला पन्नास मिनिटं. देणगीदाराचा फोटो दर्शनी भागात लावायचा की जिन्यात, याला पस्तीस. त्या महिन्यात आयसीयूत मृत्यू वाढले होते, त्याला चार मिनिटं, आणि तीही मीच बोललो. चहाची किंमत सगळ्यांना कळते, म्हणून सगळे बोलतात. आयसीयू कळत नाही, आणि कळत नाही हे चारचौघांत कबूल करायला लाज वाटते, म्हणून सगळे डॉक्टर विश्वस्ताकडे बघतात. डॉक्टर विश्वस्त म्हणतात, ‘बघतो मी.’ विषय संपला.

यात काका लोकांना दोष देऊ नका. आपल्याकडची बहुतेक ट्रस्ट हॉस्पिटलं उभी करायला निघालेल्या माणसांची आहेत. जागा मिळवायची, देणग्या जमवायच्या, मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरला महिन्यातून दोनदा बोलवायचं, मंत्र्याकडून परवानगी आणायची, ही कामं त्या पिढीने फार उत्तम केली. तेव्हा दर आपण ठरवायचो, गरिबाला सूट द्यायची की नाही हे अध्यक्षांच्या चिठ्ठीवर ठरायचं, आणि वर्षाअखेर तूट आली तर कुणीतरी व्यापारी भरून द्यायचा. माणसं तीच राहिली आणि काम त्यांच्या हाताखालून बदललं.

काय बदललं ते मोजून घेऊ, कारण बऱ्याच विश्वस्तांनी ते एकत्र कधी पाहिलेलंच नसतं. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांची योजना आली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला. म्हणजे अध्यक्षांच्या चिठ्ठीचा जमाना कागदोपत्री तिथेच संपला. २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. आणि २०२४ पासून महाराष्ट्रात पाच लाखांचं कवच जवळजवळ प्रत्येक रेशनकार्डधारक कुटुंबापर्यंत पोचलं. मध्ये २०२० मध्ये कोविडात सरकारने खासगी आणि ट्रस्ट हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. तो आदेश गेला, पण दर बाहेरून ठरू शकतात हे सगळ्यांना कळून चुकलं. २०२१ मध्ये नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारण त्यात आलं. शिवाय विमा कंपन्या, टीपीए म्हणजे त्यांच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या मधल्या संस्था, कॅशलेस.

या सगळ्याचा एका ओळीतला अर्थ असा की पैसे देणारा आता खाटेवर झोपलेला माणूस नाही. तो दूर कुठेतरी संगणकासमोर बसलाय आणि तुमच्या कागदात खोट शोधतोय.

सीए म्हणून हे तुम्हाला पटकन दिसेल, म्हणून ढोबळ हिशोब मांडतो. समजा तुमचं महिन्याचं बिलिंग एक कोटी आहे. त्यातलं चाळीस लाखांचं योजनेचं. क्लेम मंजूर होऊन पैसे हातात यायला चार महिने लागतात असं धरू. म्हणजे कुठल्याही दिवशी तुमचे एक कोटी साठ लाख बाहेर अडकलेले. दहा टक्के क्लेम क्वेरीत अडकून शेवटी नामंजूर झाले तर दर महिन्याला चार लाख गेले ते गेलेच. आता गंमत बघा. उत्पन्न बिल केलं त्या दिवशी पुस्तकात आलं, त्यामुळे उत्पन्न-खर्चाचं पत्रक वाढावा दाखवतं. औषधवाल्याचे पैसे थकलेले, नर्सेसचा पगार दहा तारखेला, आणि सभेत खजिनदार सांगतात, ‘यंदा सहा लाख सरप्लस आहे.’ थकबाकीही खरी आणि सरप्लसही खरा! मंडळाला मात्र फक्त सरप्लसचा आकडा कळतो. तुमच्याकडे ‘बिलं अडकलीत’ असं मोघम बोललं जातं ना? पहिलं काम म्हणजे कोणाकडून किती येणं आहे आणि ते किती दिवसांचं आहे, याचा तक्ता मागा. योजना वेगळी, टीपीए वेगळे, उधारीवरचे रुग्ण वेगळे. आणि नामंजूर क्लेम कशामुळे नामंजूर झाले तेही. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा कारण वैद्यकीय नसतंच. फोटो अपलोड नाही, डिस्चार्ज कार्डावर सही नाही, पूर्वमंजुरी उशिरा मागितली. हा डॉक्टरांचा प्रश्नच नाही, रात्रपाळीला संगणकावर बसणाऱ्या एका माणसाचा आहे. तो माणूस नेमायला मंडळाने कधी पैसे मंजूर केलेत का?

पण पैशाचं हे एवढं लांबण लावलं म्हणून सभाही पैशांपासूनच सुरू करावी असं मी म्हणत नाही. उलट. पैशाची भीती बसली की मंडळाचं डोकं पूर्ण तिकडे जातं आणि रुग्ण नजरेआड होतो. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या हॉस्पिटलचं प्रकरण प्रत्येक विश्वस्ताने एकदा तरी वाचावं. ते सरकारी व्यवस्थेतलं हॉस्पिटल, पण त्याला आपलं मंडळ होतं. त्या मंडळाला एक वरचा, जास्त स्वायत्त दर्जा मिळवायचा होता आणि त्यासाठी हिशोब नीटनेटका दिसायला हवा होता. खर्च कापले, त्यात नर्सेस कमी झाल्या. रुग्णांना पाणी मिळत नव्हतं, अंथरुणं बदलली जात नव्हती, नातेवाईक तक्रारी करत होते. मृत्यूंचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त दिसत होतं, त्यावर उत्तर काय, तर नोंदींच्या कोडिंगमधली, म्हणजे आजारांचे सांकेतिक क्रमांक भरण्यातली, चूक. २००८ मध्ये तो दर्जा मिळालासुद्धा! पुढच्याच वर्षी तपासणीचा अहवाल आला आणि सगळं उघड झालं. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात २९० शिफारशी आहेत. मंडळाने लोकांच्या तक्रारी ऐकल्या नाहीत, हा त्यातला मोठा ठपका.

‘कोडिंगची चूक’ हे वाक्य वाचलं तेव्हा मी हसलो नाही, कारण आपल्याकडे त्याचा मराठी भाऊ आहे: ‘आपल्याकडे पेशंट शेवटच्या क्षणी येतात.’ हे वाक्य मी स्वतः किती सभांमध्ये वापरलं असेल! ते अनेकदा खरं असतं, तीच त्यातली पंचाईत. पुढच्या वेळी कुणी ते म्हटलं की एवढंच विचारा, ‘मागच्या वर्षीही शेवटच्या क्षणीच येत होते ना? मग यंदा आकडा का वाढला?’

आता माझी चूक सांगतो. मी प्रशासक असताना मोतीबिंदूच्या एका शिबिरानंतर तीन रुग्णांच्या डोळ्यात जंतुसंसर्ग झाला. उपचार लगेच केले, दोघांची नजर वाचली, एका आजोबांचा डोळा गेला. मी अध्यक्षांना फोनवर मोघम सांगितलं, ‘थोडं कॉम्प्लिकेशन झालंय, बघतोय’, आणि विषयपत्रिकेवर काही घेतलं नाही. मला वाटलं आधी कारण सापडू दे, मग सांगू. दोन आठवड्यांनी आजोबांचा नातू स्थानिक वार्ताहराला घेऊन आला आणि विश्वस्तांना ती बातमी सकाळच्या पेपरात कळली. अध्यक्ष माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की शिबिराआधी निर्जंतुकीकरणाची तपासणी कोणी केली होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. त्यानंतर आम्ही ठरवलं की कोणतीही गंभीर घटना घडली की चोवीस तासांत अध्यक्ष आणि आणखी एका विश्वस्ताला लेखी कळवायचं, कारण माहीत असो वा नसो. हा नियम तुमच्या मंडळात नसेल तर तो पहिला करून घ्या, फुकट आहे.

मग दर महिन्याला मंडळासमोर काय यावं? एक पान. दोन झाली की कोणी वाचत नाही. त्यात पहिल्या निम्म्यात रुग्ण: एकूण मृत्यू आणि त्यातले अनपेक्षित किती, ऑपरेशननंतरचे संसर्ग, सात दिवसांच्या आत पुन्हा भरती झालेले, पडलेले रुग्ण, चुकीचं औषध गेल्याच्या घटना, तक्रारी. दुसऱ्या निम्म्यात हातात किती दिवस पुरेल एवढी रोकड आहे, येणं किती दिवसांचं, नामंजूर क्लेम, निर्धन रुग्ण निधीत शिल्लक किती. चुकीच्या औषधाच्या रकान्यात वर्षभर शून्य असेल तर खूश होऊ नका. शून्याचा अर्थ बहुधा नर्स सांगायला घाबरते एवढाच असतो.

मला स्वतःला दोन आकडे सगळ्यात जास्त सांगून जातात. एक, डामा. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्ण घरी नेलेले. तो आकडा वाढला की समजावं, लोकांचे पैसे संपतायत, विश्वास संपतोय, नाहीतर कोणीतरी कुठल्यातरी दुसऱ्या हॉस्पिटलची वाट दाखवतोय. तिन्ही गोष्टी मंडळाला कळायला हव्यात. दुसरा, गेल्या तीन महिन्यांत किती नर्सेस सोडून गेल्या आणि रात्रपाळीला एका नर्सकडे किती रुग्ण असतात. डॉक्टर गेला की गावभर चर्चा होते. नर्स गेली की कोणाला पत्ता लागत नाही, आणि संसर्ग वाढतो तो तिथून. मेट्रनबाईंना, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांना, तीन महिन्यांतून एकदा सभेत बोलवा, आणि त्या बोलत असताना प्रशासकाला चहा घ्यायला बाहेर पाठवा. मी त्या बाहेर पाठवलेल्या माणसांपैकी आहे, मला राग आला होता. पण दोन सभांनंतर मीच मेट्रनबाईंना आधी विचारून सुधारणा करू लागलो.

जबाबदारीबद्दलही स्पष्ट बोलतो, कारण बरेच काका समजतात की आपण सेवाभावाने येतो, मानधन घेत नाही, आपल्याला कोण विचारणार. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या ढाकुरिया भागातल्या आमरी हॉस्पिटलला पहाटे आग लागली. तळघरात साठवलेल्या सामानातून धूर वरच्या मजल्यांवर गेला आणि सुमारे ९० माणसं गेली. संचालकांना अटक झाली. आपल्याकडे ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० बाळं गेली, त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागली. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो दिला का हे विचारणं सोपं. त्यापेक्षा सभेच्या दिवशी अर्धा तास लवकर जा आणि तळघर, जिना आणि आयसीयूचं मागचं दार स्वतः बघून या. मागच्या दाराला कुलूप असेल आणि किल्ली ‘वॉर्डबॉयकडे असते, तो जेवायला गेलाय’ असं उत्तर आलं तर फॉर्म बी कितीही नवा असो, उपयोग काय?

तसंच ‘ऑनररी डॉक्टर आमचे नोकर नाहीत’ ही समजूत. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सविता गर्ग प्रकरणात सांगितलंय की डॉक्टर पगारी असो वा बाहेरून येणारा, रुग्णाच्या दृष्टीने उत्तर हॉस्पिटलने द्यायचं. म्हणजे कोणाला कुठली ऑपरेशनं करायची मुभा द्यायची हा निर्णय शेवटी मंडळाच्या दारात येतो. आणि अनामत रकमेचं धोरण तुमच्याकडे लेखी आहे का? २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात अनामतीवरून जे वादळ उठलं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून स्थिर करायचं, हे धर्मादाय योजनेत २००६ पासून लिहिलेलं आहे. रात्री दोन वाजता काउंटरवर बसलेल्या पोराला ते कोणी सांगितलंय का, एवढाच प्रश्न.

नाजूक विषयाकडे येतो. तुम्ही लिहिलेलं नाही, पण शंभर खाटांच्या ट्रस्टमध्ये हे नसेल असं मला वाटत नाही. मेडिकल स्टोअर कोणाकडे आहे? लॅब कोण चालवतं? सीटी स्कॅन भागीदारीत असेल तर भागीदार कोण? ऑक्सिजन कोणाकडून येतो? कुठेतरी एखाद्या विश्वस्ताचा पुतण्या निघतोच. कधीकधी तो पुतण्या खरंच चांगला आणि स्वस्त असतो. पण विश्वस्ताला किंवा त्याच्या नातलगाला गैरवाजवी फायदा झाला तर ट्रस्टची आयकर सवलत धोक्यात येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझा उपाय साधा आहे. वर्षाच्या पहिल्या सभेत प्रत्येक विश्वस्ताने हॉस्पिटलशी संबंधित स्वतःचे आणि नातलगांचे व्यवहार लिहून द्यायचे. तो विषय आला की त्या माणसाने खोलीबाहेर जायचं आणि बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करायची. ‘मी बसतो, बोलत नाही’ हे चालत नाही, कारण तो बसलेला असताना इतरही बोलत नाहीत. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे तंतोतंत.

डॉक्टर विश्वस्तांचं काय, हे लोक हमखास विचारतात. मंडळावर डॉक्टर हवेतच. पण जो तिथेच प्रॅक्टिस करतो तो आपल्या विभागाच्या यंत्रखरेदीवर मत देऊ शकत नाही, एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतात. बाहेरगावचा, त्या हॉस्पिटलात काहीही अडकलेलं नसलेला एखादा निवृत्त डॉक्टर मिळाला तर सोन्याहून पिवळं. मृत्यूंचा आकडा वाचून दाखवायला तोच लागतो.

आता ‘कळेल गं हळूहळू’ याचं काय करायचं? हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात खरा भाग आहे आणि याला कायद्याचं उत्तर नाही. माझ्या एका मंडळावर अशीच एक तरुण विश्वस्त आली होती. पहिल्या दोन सभांत ती तोंडावर विचारायची, ते खरं होतं म्हणून जास्तच झोंबायचं, आणि जुने लोक एक व्हायचे. मग तिने पद्धत बदलली. सभेच्या आठ दिवस आधी कार्यवाहांना पत्र: ‘पुढील विषय विषयपत्रिकेवर घ्यावेत ही विनंती.’ पत्र आलं की त्याची नोंद होते, नोंद झाली की उत्तर द्यावं लागतं. दुसरं, ती प्रश्न स्वतःच्या नावावर विचारायचीच नाही. ‘ऑडिटर विचारतील तेव्हा आपल्याकडे उत्तर असावं म्हणून विचारते.’ ‘बँकेला हा तक्ता लागेल.’ काकांना पुतणीसमोर हरल्यासारखं वाटलं नाही की ते उत्तर देतात. आणि तिसरं, सभेआधी ती अध्यक्षांच्या घरी जाऊन बसायची, चहा प्यायची, अडचणीचा आकडा आधी तिथे दाखवायची. सभेत अध्यक्षच म्हणायचे, ‘मला जरा या आकड्याची काळजी वाटते.’ श्रेय गेलं, काम झालं. तुम्ही पुण्याहून येऊन-जाऊन करता म्हणून हे जड पडेल, पण एक मुक्काम वाढवा.

एक मात्र कधी करू नका. प्रशासकाला डावलून थेट वॉर्डात सूचना देऊ नका. विश्वस्ताने बघावं सगळं, विचारावं सगळं, हुकूम मात्र एकाच तोंडातून जावा. अकरा विश्वस्तांचे अकरा मालक झाले की चांगला प्रशासक सहा महिन्यांत राजीनामा देतो आणि उरतो तो सगळ्यांना ‘हो साहेब’ म्हणणारा.

इथपर्यंतचं गोळा केलं तर: आधी एका पानाचा आरसा, त्यात रुग्ण वर आणि पैसा खाली, गंभीर घटना चोवीस तासांत, हितसंबंध लेखी. यात तीन-चार महिने जातील. तोवर कंपनीला ‘विचार करतोय’ म्हणा. त्यांची घाई ही त्यांची अडचण असते.

आता प्रस्ताव. असे करार चांगले झालेलेही मी पाहिलेत आणि पाच वर्षांत ट्रस्टच्या हाती फक्त दारावरची पाटी उरलेलीही पाहिली. कायद्याची बाजू आधी बघा. ट्रस्टची इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायलाही लागते. काही कंपन्या म्हणतात, ‘हे भाडं नाही, व्यवस्थापन करार आहे, परवानगी लागत नाही.’ नाव काहीही द्या, ताबा आणि फायदा कोणाकडे जातो त्यावरून ते ठरतं. या वाक्यावर स्वतंत्र वकिलाचं लेखी मत घ्या, कंपनीने सुचवलेल्या वकिलाचं नव्हे.

मग करारात मी पाच-सहा गोष्टी शोधतो, आणि महसुलातला वाटा त्यात शेवटी. निर्धन रुग्णांच्या १० आणि १० टक्के खाटांची जबाबदारी कायद्याने ट्रस्टवरच राहते, मग त्या खाटा रोज उपलब्ध ठेवायचं कंपनीवर बंधन आहे का आणि न ठेवल्यास काय? सरकारी योजना चालू ठेवणार की हळूहळू बंद करणार? वैद्यकीय अधीक्षक नेमताना मंडळाचं मत लागतं का? मृत्यू आणि संसर्गाची नोंद बघायचा हक्क मंडळाकडे राहतो का? जुन्या कर्मचाऱ्यांचं काय? आणि बाहेर पडायचं कलम कसं आहे? करार संपल्यावर यंत्रं कोणाची, रुग्णांच्या नोंदी कोणाच्या, परवाने कोणाच्या नावावर? लग्नाच्या बैठकीत काडीमोडाची भाषा कोणी करत नाही, पण इथे ती पहिल्याच बैठकीत करायची.

आणखी एक पर्याय मंडळं विसरतात: अख्खं हॉस्पिटल न देता एखादाच विभाग देणं. डायलिसिस, किंवा लॅब. तीन वर्षांसाठी, मोजता येईल अशा अटींवर. त्यात समोरच्याची वागणूक कळते आणि मंडळालाही करार सांभाळायची सवय होते. पहिल्याच दिवशी तीस वर्षांचा करार सांभाळेल असं मंडळ मी अजून पाहिलेलं नाही, माझ्या दोन्ही ट्रस्टांसकट.

सुरुवात कुठून करायची ते सांगतो. उद्याच धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा काढा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती, धर्मादाय कार्यालयात द्यायची असते. अनेक ट्रस्टांत दहा-दहा वर्षांचे रिपोर्ट प्रलंबित असतात आणि कागदावर दिवंगत माणसं अजून विश्वस्त असतात. अशा ट्रस्टने केलेला करार, काढलेलं कर्ज, केलेली नेमणूक, सगळ्यालाच कोणीही आव्हान देऊ शकतं, आणि कंपनीचा वकील हे तुमच्या आधी तपासतो. तुमच्या वडिलांच्या जागी तुमचं नाव खरंच लागलंय का, तेही त्याच उताऱ्यात दिसेल. तो हातात आला की मागच्या सहा सभांची इतिवृत्तं मागा. दोन्ही वाचून झालं की, वाटलं तर नावं झाकून, इथे पुन्हा लिहा. आकडे समोर असतील तर मला आणखी नेमकं सांगता येईल.